काळी आणि पांढरी : इनामगावच्या आद्य शेतकऱ्यांची वस्ती

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या खेड्याचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत. जेथे पीक उभे राहते ती काळी, आणि जेथे माणसे घरे बांधून राहतात ती पांढरी. गावठाणाच्या मातीला पांढरी हे नाव उगीच पडलेले नाही. मातीच्या भिंती पावसाने ढासळतात, त्याच जागी पुन्हा नवी भिंत उभी राहते. चुलीची राख, शेण, चुना, काडीकचरा व फुटकी भांडी वर्षानुवर्षे तेथेच पडतात आणि कुजून एकजीव होतात. शेकडो वर्षे असे चालले म्हणजे वस्तीची जागा भोवतालच्या रानापेक्षा उंच होते व तिची माती राखेसारखी पांढुरकी दिसू लागते. गाव उठून गेले तरी ही माती मागे राहते. म्हणूनच ओसाड माळावर एखादे पांढऱ्या मातीचे टेकाड दिसले, तर तेथे कधी काळी माणसे नांदत होती, असे जाणकार शेतकरी सहज सांगतो.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर, इनामगाव नावाचे खेडे आहे. त्याच्या शिवारात अशीच पाच टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी हे या कार्यातील प्रमुख होत. पांढऱ्या मातीचा एकेक थर काळजीपूर्वक उलगडताना शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून सुमारे ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९०० वर्षे, शेतकऱ्यांच्या पिढ्यामागून पिढ्या येथे राहिल्या व नांदल्या. त्यांनी पिके काढली, बांध घातला, पेवे भरली आणि अखेरीस गाव सोडले. हे गाव कसे वसले आणि का उठले, याचा विचार आजच्या शेतकऱ्यानेही करावा, इतका तो त्याच्या जवळचा आहे.

शेतीपूर्वीची माणसे

इनामगावात पहिले घर उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशात मनुष्याचा वावर होता. प्रवरा नदीच्या काठी नेवासे येथे अश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली आहेत. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी शहामृगासारखा पक्षी खानदेशात होता व त्याच्या अंड्याचे कवच माणूस अलंकारासाठी वापरीत असे, हे त्यावरून कळून येते.

ही माणसे पारध करून, मासे धरून आणि कंद, फळे व रानधान्य गोळा करून निर्वाह करीत. शिकारीच्या मागे त्यांना फिरावे लागे. त्यामुळे एका जागी भक्कम घर बांधण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते. नदीकाठी काटक्या व पाने यांचा आडोसा करावा आणि चार महिन्यांनी तो सोडून द्यावा, अशी त्यांची राहणी असावी. जेथे खडकात नैसर्गिक आश्रय होता, तेथे ती त्याचा आधार घेत. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९५७ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या दृष्टीस पडलेल्या या शैलाश्रयांच्या भिंतींवर शिकारीची चित्रे आजही दिसतात.

पारधी माणसाजवळ साठा नसे. आज मिळाले ते आज खावे, हा त्याच्या जीवनाचा नियम होता. शेतकऱ्याला हा नियम पाळता येत नाही. पेरणीपासून मळणीपर्यंत त्याला चार महिने थांबावे लागते, पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूस काढून ठेवावे लागते आणि पीक हाती येईपर्यंत घरच्या माणसांस व जनावरांस जगवावे लागते. यासाठी त्याला घर लागते, कणगी लागते, गोठा लागतो आणि शेजार लागतो. शेतीबरोबर गाव आले, ते या गरजेतून.

मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर

दक्षिणेतील या आद्य शेतकऱ्यांच्या काळास ताम्रपाषाणयुग म्हणतात. तांबे त्यांना माहीत होते, परंतु ते दुर्मिळ असल्यामुळे रोजची बहुतेक कामे दगडाच्या पात्यांनीच होत. महाराष्ट्रातील या संस्कृतीला जोर्वे संस्कृती असे नाव आहे. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, संगमनेरजवळच्या जोर्वे या गावी १९५० ते १९५१ या वर्षांत उत्खनन झाले. तेथे तांबूस रंगाची, काळ्या रेषांनी नक्षी काढलेली व वाजविली असता खणखणीत नाद देणारी चाकावरची भांडी मिळाली. त्यांवरून हे नाव रूढ झाले. प्रवरा, गोदावरी, भीमा व तापी यांच्या खोऱ्यांत अशा अनेक वस्त्या आढळल्या आहेत. दायमाबाद, नेवासे, चांडोली, सोनगाव व प्रकाशे ही त्यांतील काही नावे होत.

इनामगावच्या वस्तीचे तीन कालखंड पाडले जातात. पहिला सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते १४०० हा होय. त्यातील भांडी माळव्यातील नवदाटोली येथील भांड्यांसारखी आहेत, म्हणून त्यास माळवा काळ म्हणतात. दुसरा इसवी सनपूर्व १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ. हा भरभराटीचा काळ होय. तिसरा इसवी सनपूर्व १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ; तो ओढगस्तीचा होता.

पहिल्या दोन्ही काळांतील घरे बहुतांशी चौकोनी होती. पूर्व जोर्वे काळातील घर साधारणतः ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद असे. मातीची ठेंगणी भिंत, तिच्यात रोवलेले खांब, त्यांवर कुडाचा आडोसा व मातीचा लेप, आणि वर गवताचे शाकारलेले छप्पर, अशी रचना असे. जमीन चोपून सारवलेली असे. कोकणात वा मावळात जुन्या पद्धतीचे कुडाचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही. घरे एका ओळीत बांधलेली असून दोन घरांच्या मध्ये सुमारे दीड मीटरचा बोळ सोडलेला असे. घराची दिशा ठरवून, जाण्यायेण्यास वाट ठेवून वस्ती केलेली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

घरात चूल असे. अंगणात एक खोलगट भट्टी असे. तीत मांस भाजले जाई. धान्य ठेवण्यासाठी कोठे जमिनीत पेव खोदलेले, कोठे कणगी ठेवण्यासाठी मातीचा गोल ओटा केलेला, तर कोठे मोठ्या रांजणाच्या तळाशी चार चपटे दगड मांडलेले आढळतात. हे दगड पाहून अनुभवी गृहिणीस त्यांचा हेतू समजावून सांगावा लागणार नाही. धान्य जमिनीपासून वर राहिले म्हणजे त्यास ओल लागत नाही. कणगीखाली दगड वा पाट ठेवण्याची आपली रीत अशी ३,००० वर्षांहून जुनी आहे.

वस्तीच्या मध्यभागी सधन कुटुंबांची घरे होती, तर कुंभार, मणी करणारे, चुना भाजणारे व इतर कारागीर एका कडेला राहत. मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकारांचे मत आहे. या घराला लागूनच एक इमारत होती. तिच्यात पेवे व कणग्यांचे ओटे दाटीने होते. राहण्याची खूण मात्र दिसली नाही. ते गावाचे धान्याचे कोठार होते, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे.

जळके दाणे काय सांगतात

तीन हजार वर्षांपूर्वी कोणते पीक होते, हे कसे कळते, असा प्रश्न शेतकरी साहजिकच विचारील. धान्याचा कोरडा दाणा मातीत कुजून जातो, परंतु जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही. चुलीत सांडलेले, घराला आग लागली असता होरपळलेले दाणे पांढरीच्या मातीत तसेच राहतात. ती माती पाण्यात कालवली म्हणजे माती तळाशी बसते व कोळशाचे हलके दाणे वर तरंगतात. ते गाळून व वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता त्यांच्या आकारावरून धान्य ओळखता येते.

इनामगावच्या अशा दाण्यांत सर्वांत अधिक आढळलेले धान्य सातू हे होय. आज महाराष्ट्रात सातूचा पेरा नाममात्र उरला आहे. मात्र त्या काळी या अवर्षणप्रवण पट्ट्याचे मुख्य अन्न सातू होते. त्यामागील कारण शेतीच्या जाणकारास लगेच कळेल. गव्हाच्या मानाने सातूस पाणी कमी लागते, तो लवकर तयार होतो आणि किंचित खारवट जमिनीतही तग धरतो. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख व कुळीथ ही धान्ये होती. तांदूळही थोडा मिळाला आहे. बोरांच्या आठळ्या पुष्कळ सापडल्या.

या यादीकडे बारकाईने पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, सातू, गहू व मसूर ही रब्बीची पिके होत, तर कुळीथ पावसाळ्यात येणारे होय. म्हणजे हे शेतकरी दोन्ही हंगामांचा उपयोग करून घेत होते. दुसरी म्हणजे, तृणधान्याच्या बरोबरीने द्विदल धान्ये होती. द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे शास्त्र त्यांना माहीत असणे शक्य नव्हते. परंतु एकाच पिकावर विसंबू नये, एक बुडाले तर दुसरे तारील, हा व्यवहार त्यांनी अनुभवाने जाणला होता. लाखेविषयी मात्र एक सूचना येथे करणे इष्ट आहे. लाख हे पीक अत्यंत कमी पाण्यावर येते, म्हणून दुष्काळात तेच हाती लागते. तथापि तिची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली असता पाय लुळे पडण्याचा विकार जडतो.

नांगरटीचाही थोडा पुरावा मिळाला आहे. इनामगावाजवळच्या वाळकी येथील त्याच काळच्या वस्तीत जनावराच्या हाडापासून तयार केलेला फाळ सापडला. कापणीसाठी गारगोटीच्या जातीच्या दगडाची धारदार लहान पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत ओळीने बसवून विळा केला जाई. गुरे, शेळ्यामेंढ्या व कुत्री पाळली जात. गुरांचा उपयोग कामाप्रमाणेच मांसासाठीही होत असे. हरणांची शिकार चालूच होती, आणि नदीतील मासे धरण्यासाठी तांब्याचे गळ होते. शेती आली म्हणून पारध सुटली नाही; ती शेतीची जोडकसब झाली. चांडोली येथे तांब्याच्या मण्यांची माळ जवसाच्या तंतूंच्या दोऱ्यात ओवलेली मिळाली. तेव्हा तंतुपिकांची ओळखही या लोकांस होती, असे म्हणता येते.

बांध आणि पाट

इनामगावचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील पाण्याची व्यवस्था होय. पूर्व जोर्वे काळात वस्तीच्या बाजूला दगडगोटे व चिखल यांचा सुमारे २४० मीटर लांब व २.२० मीटर रुंद असा बांध घालण्यात आला. त्याच्या जोडीने सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३.५ मीटर खोल असा चर खोदण्यात आला. घोड नदीला पूर आला म्हणजे बांधामुळे वस्तीचे रक्षण होई आणि चराच्या वाटे पुराचे पाणी वळविता येई. हे पाणी शेतीकडे नेले जात असावे, असे अभ्यासक मानतात. याच काळात गव्हासारखे पाण्याचे पीक पुढे येते, ही गोष्ट या मताला पुष्टी देणारी आहे.

या कामाचा आकार समजण्यासाठी साधा हिशेब करून पाहावा. २०० मीटर लांबी, ४ मीटर रुंदी व ३.५ मीटर खोली यांचा गुणाकार २,८०० घनमीटर होतो. म्हणजे सुमारे ९९० ब्रास माती खोदावी व उचलावी लागली. एका माणसाने दिवसाला अर्धा ब्रास माती काढली असे धरले, तरी केवळ खोदाईलाच जवळजवळ २,००० दिवसांची मजुरी होते. त्या लोकांजवळ लोखंडाची पहार नव्हती, कुदळ नव्हती, घमेले नव्हते. लाकडाच्या टोकदार काठ्या व टोपल्या यांवरच हे काम झाले असले पाहिजे. तेव्हा प्रत्यक्ष श्रम यापेक्षा कितीतरी अधिक पडले असणार, हे उघड आहे.

असे काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. कोणीतरी आखणी केली पाहिजे, प्रत्येक घरातून माणूस आला पाहिजे, आणि दरवर्षी पुरानंतर साचलेला गाळ काढण्यासाठी पुन्हा सर्वांनी एकत्र आले पाहिजे. गावाचे सामाईक कोठार आणि गावाचा सामाईक बांध या दोन गोष्टी एकाच काळात दिसतात, हा योगायोग नव्हे. ज्या गावाजवळ साठा असतो तेच गाव चार दिवस शेत सोडून बांधावर राबू शकते. आणि ज्या गावाचा बांध असतो त्याच्याच कोठारात साठा होतो.

उतरती कळा

इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास या गावाचे चित्र पालटू लागते. मोठी चौकोनी घरे दिसेनाशी होतात. त्यांच्या जागी सुमारे ३ मीटर व्यासाच्या लहान गोल झोपड्या येतात. त्या तीन-तीन, चार-चार अशा पुंजक्याने बांधलेल्या आढळतात. भांड्यांवरील नक्षी कमी होते. गहू जवळजवळ नाहीसा होतो आणि कमी पाण्यावर येणारी धान्ये उरतात. उकिरड्यांतील हाडांत गुरांचे प्रमाण घटते व शेळ्यामेंढ्यांचे वाढते. हरणांची हाडेही वाढतात. जो शेतकरी पारध सोडून कुणबी झाला होता, तो पुन्हा अर्धा पारधी व अर्धा मेंढपाळ होऊ लागला, असा याचा अर्थ आहे. चारा कमी पडला म्हणजे गाय-बैल आधी जातात व शेळी मागे राहते, हे दुष्काळ पाहिलेल्या माणसास वेगळे सांगावयास नको.

या स्थितीची सर्वांत करुण साक्ष घरांच्या जमिनीखाली मिळाली. लहान मूल दगावले तर त्याला दोन मातीच्या भांड्यांत, तोंडास तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरण्याची या लोकांची रीत होती. जवळ छोटी भांडी ठेवली जात. त्यांत पाणी व अन्न असावे. इनामगावात सापडलेल्या दफनांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. या मुलांच्या हाडांचा व दातांचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. वाढ खुंटल्याच्या व पोषण अपुरे पडल्याच्या खुणा त्यांत आढळल्या. मोठ्या माणसांचे भूक लागण्याचे दिवस काही काळाने विसरले जातात, पण वाढत्या वयातील मुलाच्या हाडात त्यांची नोंद राहते.

ही उतरती कळा का लागली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, असे उत्खननकारांनी मानले. अलीकडील काही अभ्यासकांच्या मते हा पट्टा आधीपासूनच कमी पावसाचा होता. एका जागी वाढलेली लोकसंख्या, सतत पिकाखाली राहिलेली जमीन आणि तोडलेले रान यांचाही या ऱ्हासात वाटा असला पाहिजे, असे ते म्हणतात. कारण कोणतेही असो, परिणाम एकच झाला. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास माणसांनी इनामगाव सोडले. कोठारे रिकामी पडली, चर गाळाने भरला आणि पांढरीवर गवत उगवले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. उतरती कळा लागल्यानंतरही हे गाव एकदम उठले नाही. सुमारे ३०० वर्षे ते तग धरून राहिले. सातू, कुळीथ, शेळी, हरीण व बोर यांच्या आधारावर अनेक पिढ्या जगल्या. ज्या शेतकऱ्याजवळ एकाहून अधिक आधार असतात तो संकटात एकदम कोसळत नाही, हे यातून सिद्ध होते.

आजच्या शेतकऱ्यास यातून घेण्यासारखे

शिरूर तालुक्याचा हा भाग आजही पर्जन्यछायेत मोडतो. घोड नदीवर चिंचणी येथे आता धरण आहे, विहिरी आहेत, कूपनलिका आहेत, लोखंडी व यांत्रिक अवजारे आहेत. इनामगावच्या आद्य शेतकऱ्यास यांतले काहीच लाभले नव्हते. तरीही ज्या प्रश्नांशी तो झगडला ते प्रश्न पुरते मिटलेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे खडी फोडावयास घराबाहेर पडली आणि जनावरे कवडीमोलाने विकली गेली, ही आठवण गावोगावच्या वृद्धांच्या मनात अद्याप आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या बैठकीत इनामगावची ही हकीकत अवश्य सांगावी. बांधबंदिस्ती, शेततळे किंवा नालाबांध यांचा विषय निघाला म्हणजे "हे सरकारी खूळ आहे" असे म्हणणारा एखादा गृहस्थ भेटतोच. पाणी अडविणे हे सरकारी खूळ नसून या भूमीतील पहिल्या शेतकऱ्यांचा धर्म आहे, हे त्यास ९९० ब्रास मातीचा हिशेब मांडून पटविता येईल.

त्याबरोबर पुढील मुद्दे ध्यानी ठेवावेत. बांध घालणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच दरवर्षी त्याची डागडुजी करणे व गाळ काढणे महत्त्वाचे आहे; सामाईक कामाची देखभाल सामाईकच असली पाहिजे. कमी पावसाच्या भागात सगळे क्षेत्र एकाच पाणीखाऊ पिकाखाली आणू नये; कडधान्य व कमी पाण्याचे तृणधान्य यांना जागा ठेवावी. धान्य व बियाणे जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे व चाऱ्याचाही साठा करावा. आणि टंचाईच्या वर्षी घरातील मुलांच्या आहाराकडे प्रथम लक्ष द्यावे, कारण मोठ्यांची झीज पुढच्या सुगीत भरून निघते, मुलांची खुंटलेली वाढ सहसा भरून निघत नाही.

पांढरीची राखण

शेवटी, खुद्द पांढरीविषयी एक विनंती. ओसाड टेकाडाची पांढरी माती भिंतींसाठी व धाब्यासाठी चांगली असते, शेतात टाकली तर खत म्हणूनही उपयोगी पडते. यामुळे अशी टेकाडे गाडीगाडीने उपसली गेली आहेत. आता यंत्राने जमीन सपाट करण्याचे काम तर एका दिवसात होते. ९०० वर्षांत साचलेले गाव एका दुपारी नाहीसे होऊ शकते, आणि एकदा थर विस्कटले म्हणजे त्यांतील दाणे व हाडे सापडूनही काही सांगू शकत नाहीत. कोणता दाणा कोणत्या थरात, कोणत्या घरात होता, हे कळले तरच त्यास अर्थ असतो.

शेत सपाट करताना, शेततळे वा पाया खोदताना राखेचे थर, नक्षीची खापरे, गारगोटीची बारीक पाती, तोंडास तोंड लावलेली मडकी किंवा हाडे दिसू लागली, तर शेतकऱ्याने काम तेथेच थांबवावे. वस्तू हलवू नयेत, मडकी उघडून पाहू नयेत. गावच्या ग्रामपंचायतीस व तहसील कार्यालयास कळवावे; त्यांच्यामार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास सूचना जाते. जमिनीत मौल्यवान वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळविणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे बंधनकारक आहे. परंतु इनामगावात जे मिळाले त्यातले सर्वांत मोलाचे सोने नव्हते. ते चुलीत सांडलेले सातूचे जळके दाणे होते.

काळी आपणास आज पोसते. पूर्वी कोण कसे पोसले गेले आणि कोण उपाशी राहिले, हे पांढरी सांगते. दोहोंची राखण करणे हे शेतकऱ्याचेच काम होय.